मोठ्या गटाचा मुक्त खेळ : ठोकळ्यांवर झुंबड, बाकीचे कोपरे ओस. मांडणी कुठे चुकते?

शिशुवर्ग_२४

नमस्कार. वर्ग मोठ्या गटाचा, वय साडेचार ते साडेपाच, मुलं २४, मोठी माणसं दोन. खोली ६ मीटर बाय ८ मीटर. मुक्त खेळाला रोज ४५ मिनिटं, त्यातली शेवटची १० आवरायला जातात.

कोपरे पाच आहेत. ठोकळ्यांपाशी ५ मुलं नीट खेळू शकतात. भातुकलीत ४, वाळूच्या टेबलाभोवती ४, चित्रकलेच्या टेबलाला ४ खुर्च्या, पुस्तकांच्या चटईवर ३. प्रत्यक्षात ठोकळ्यांवर ९-१० जण तुटून पडतात, मनोरे पडतात आणि पंधराव्या मिनिटाला रडारड सुरू. भातुकलीत टोपली उलटी होते, ४० भांडी जमिनीवर पसरतात आणि खेळ तिथंच संपतो.

खेळाची कणीक आणायची आहे, पण दोन दिवसांत ती हाताला चिकटायला लागते. प्रमाण असं : २ वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ, पाणी अंदाजाने, न शिजवता.

अंकांचंही अडतंय. मुलं १ ते २० घडाघडा म्हणतात, पण "मला ५ मणी दे" म्हटलं की मूठभर उचलून हातावर ठेवतात. पालक मात्र ५० पर्यंत आकडे आणि गिरवण्याच्या वह्या मागतात, "दिवसभर खेळच चालतो, शिकतात कधी?" असं विचारतात.

साहित्य किती, वेळ किती, काय कुठे ठेवायचं, असं नेमकं सांगितलंत तर फार उपयोग होईल. "मुलांना मोकळं सोडा" हे माहीत आहे. मोकळं सोडायची मांडणी हवी आहे.

---

ठोकळेघर

ताई, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. बेरीज करा : ५ + ४ + ४ + ४ + ३ = २०. मुलं २४. म्हणजे प्रत्येक क्षणी चार मुलांना बसायला जागाच नाही. ती चार मुलं जिथं सगळ्यात जास्त हालचाल चालू आहे तिथं जाणार, म्हणजे ठोकळ्यांवर. याला मुलांची शिस्त जबाबदार नाही.

हिशोब असा धरा : जितकी मुलं, त्याच्या दीडपट खेळाच्या जागा. २४ मुलांना ३६. मग एक खेळ सोडून उठलेल्या मुलाला कुठं ना कुठं रिकामी जागा दिसते आणि तो दुसऱ्याच्या खेळात घुसत नाही. तुम्हाला १६ जागा वाढवायच्या आहेत. कणकेचं टेबल ४, जमिनीवर छोट्या चटयांवर जोडचित्रं ४, दोघादोघांचे दोन पट्टीखेळ (आकड्यांच्या पट्टीवर सोंगटी सरकवायचा खेळ) म्हणजे ४, भिंतीवर उभा फळा २, लिहिण्याचं छोटं टेबल २. झाल्या ३६. जोडचित्रं आणि पट्टीखेळ यांना फर्निचर लागत नाही. ५० बाय ७० सेंटीमीटरची चटई हीच जागेची हद्द.

आता ठोकळ्यांची जागा. दोन बाजूंना भिंत असलेला कोपरा घ्या, दारापासून आणि हात धुण्याच्या जागेपासून लांब. किमान अडीच मीटर बाय तीन मीटर. खाली आखूड लोकरीचं सपाट जाजम असावं. जाड गुबगुबीत गालिच्यावर मनोरा मुळातूनच डुगडुगतो आणि उघड्या फरशीवर आवाजाने वर्ग हैराण होतो. मांडणीपासून ६० सेंटीमीटरवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावा. पट्टी आणि मांडणी यांच्यामध्ये बांधकाम नाही, ती जागा फक्त ठोकळे घ्यायला-ठेवायला. मुद्दाम पाडलेले मनोरे फार कमी असतात. बहुतेक मनोरे ठोकळा घ्यायला वाकलेल्या तिसऱ्याच मुलाच्या कोपराने पडतात. ही एक पट्टी भांडणं बरीच कमी करते.

ठोकळे कुठले आहेत तेही बघा. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणातले लाकडी ठोकळे घ्या : मूळ ठोकळा साडेतीन × ७ × १४ सेंटीमीटर, त्याचा अर्धा ७ चा, दुप्पट २८ चा, चौपट ५६ चा. बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रोबेलच्या खेळसाहित्याच्या संचांना "भेटवस्तू" म्हणतात, त्यातल्या चौथ्या संचातल्या विटा याच प्रमाणात होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी मोठ्या आकारात जमिनीवर खेळण्याचा संच केला, तोही याच प्रमाणात. कारण सरळ आहे. लांब ठोकळा संपला की मूल दोन लहान जोडून काम भागवतं, आणि ते मापात बसतं. निम्मा, दुप्पट, बरोबर या गोष्टी हाताला कळतात. या ठोकळ्यांत प्लास्टिकचे वेगवेगळ्या उंचीचे तुकडे मिसळले की पूल कलतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. मिसळू नका.

५-६ मुलांना किमान १५० ठोकळे हवेत. माझं प्रमाण : मूळ ७०, अर्धे ३०, दुप्पट ३५, चौपट १५, वर थोडे त्रिकोणी आणि गोल खांब. कमी पडले की बांधकाम थांबतं आणि मागामागी सुरू होते. टोपलीत कधीच ठेवू नका. उघड्या मांडणीवर, लांब बाजू समोर दिसेल अशा, आणि प्रत्येक जागेमागे त्या ठोकळ्याची कागदी आकृती खऱ्या मापात चिकटवलेली. आवरताना "सगळे आवरा" म्हटलं की कोणीच आवरत नाही. "तू सगळे निम्मे, तू सगळे दुप्पट" असं वाटून द्या. तेच वर्गीकरण झालं.

वयाप्रमाणे काय अपेक्षा ठेवायची? अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली बांधकामाचे सात टप्पे मांडले, ते आजही डोळ्यांसमोर दिसतात : नुसते उचलून नेणं, रांग आणि मनोरा, दोन खांबांवर पूल, चारी बाजूंनी कुंपण, नक्षी आणि दोन्हीकडे सारखेपणा, बांधलेल्याला नाव देणं, आणि शेवटी पाहिलेल्या खऱ्या इमारतीसारखं बांधणं. तुमच्या वयाची बरीच मुलं कुंपण आणि सारखेपणा यांच्या आसपास असतील. पण ज्या मुलाच्या हाती ठोकळे उशिरा आले, ते याही वयात रांगेपासूनच सुरू करेल. त्याला घाई करू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत ते पुढं सरकतं. गाड्या आणि प्राणी पहिल्या दिवसापासून ठेवू नका. ठेवलेत की ठोकळ्यांचा कोपरा गाड्यांची शर्यत होतो. खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटांनी, फार तर दहा वस्तू.

नियम दोनच : उंची बांधणाऱ्याच्या खांद्याइतकी, आणि ज्याने बांधलं तोच पाडणार.

गर्दीसाठी प्रत्येक कोपऱ्यापाशी जागांइतके हुक लावा. मूल आपलं नाव-चित्राचं लटकन अडकवून आत जातं. ठोकळ्यांना ५ हुक, बस.

राहिला वेळ. ४५ मधली १० आवरायची गेली, उरली ३५. पहिली १०-१५ मिनिटं कुठं जायचं, कोणाबरोबर, काय करायचं हे ठरवण्यात जातात. म्हणजे खरा खेळ वीस मिनिटांचा, आणि तो रंगात आला की घंटा. सलग ६० मिनिटं करा. दिवसात वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे कुठे असतील तर ते इकडे जोडा. थांबायच्या आधी १० मिनिटं आणि ५ मिनिटं अशी दोनदा कल्पना द्या, प्रत्येक कोपऱ्यात जाऊन, हळू आवाजात. अर्धवट राहिलेल्या एका बांधकामाला "काम चालू आहे" अशी पाटी लावून उद्यापर्यंत ठेवू द्या. उद्या परत यायचं आहे हे कळलं की मुलं आदल्या दिवशीच आखणी करायला लागतात.

---

कणीक_आणि_वाळू

फक्त कणकेपुरतं.

तुमची कणीक चिकटते याची कारणं दोन. पीठ कच्चं आहे, त्यामुळे पाणी धरून ठेवत नाही. आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. मीठ कमी केलं तर चिकटपणा थोडा घटेल, पण कणीक लवकर आंबेल आणि बुरशी धरेल. म्हणून मीठ वाढवा आणि कणीक शिजवा. साधारण ६०-७० अंशांना पिठातला स्टार्च फुगून पाणी धरतो, मग ते हाताला सुटत नाही.

२४० मिलीच्या वाटीने : मैदा २, बारीक मीठ १, पाणी २, तेल २ मोठे चमचे, क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) ४ छोटे चमचे. ते नसेल तर लिंबाचा रस २ मोठे चमचे. सगळं थंड असतानाच गुठळी मोडेपर्यंत ढवळा, मग मंद आचेवर सतत हलवत ४ ते ६ मिनिटं. आधी लापशीसारखं दिसेल, मग एकदम घट्ट होऊन भांड्याच्या कडा सोडेल. तिथं थांबा. आणखी शिजवलं तर गार झाल्यावर तडे जातात. ओट्यावर काढून कोमट झाल्यावर ५ मिनिटं मळा. शिजवणं मोठ्यांचं काम, मुलांच्या गैरहजेरीत.

एवढ्यात साधारण ९०० ग्रॅम होते. चौघांच्या टेबलाला नेमकी पुरते, प्रत्येकी २०० ग्रॅमहून थोडी जास्त. लिंबाएवढी गोळी दिली की मूल बोट खुपसून दोन मिनिटांत उठतं. दोन्ही तळहात, खांदे आणि अंगाचं वजन लागावं इतका गोळा हवा.

हवाबंद डब्यात, खोली गार असेल तर दोन-तीन आठवडे टिकते. दमट हवेत आठवड्याने बघा. वास बदलला की टाकून द्या, पुन्हा मळून वाचवायला जाऊ नका. खेळण्याआधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. वर्गात सर्दी-जुलाबाची साथ असेल तेव्हा सगळ्यांत एकच गोळा नको, प्रत्येकाच्या नावाची डबी करा.

गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर मैदा टेबलावर येताच कामा नये. त्याऐवजी कॉर्नफ्लोअर १ वाटी, खाण्याचा सोडा २ वाट्या, पाणी सव्वा वाटी, याच पद्धतीने शिजवा. पांढरी आणि गुळगुळीत होते, वाळवून ठेवताही येते. आणि मीठवाली कणीक कोणी तोंडात घालत असेल तर लगेच थांबवा. एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलाला खरंच धोक्याचं आहे.

पहिला आठवडा साचे देऊ नका. साचा हातात आला की मूल दाबणं आणि उचलणं हे एकच काम पन्नास वेळा करतं. नुसते हात, मग छोटं लाटणं आणि बोथट सुरी, मग काड्या, आणि साचे सगळ्यात शेवटी. मळणं, चिमटणं, वळणं, तुकडे करणं यातून बोटांना जो जोर येतो तोच पुढे पेन्सिल धरताना लागतो.

जाता जाता वाळूचं. कोरडी वाळू फक्त ओतायच्या कामाची. आकार धरायला साधारण ८ भाग वाळूला १ भाग पाणी. त्याहून जास्त झालं की चिखल ओघळतो. टेबलात १० ते १५ सेंटीमीटर थर, धुतलेली जाड वाळू. बांधकामाची बारीक धूळवाली नको, ती श्वासात जाते. रात्री झाकण. पाणी खेळायला ठेवलंत तर खेळ संपताच टब रिकामा. अगदी पाच सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फुगणारे जेलीचे मणी, सुटे लोहचुंबक आणि बटण बॅटरी असलेली खेळणी वर्गातच आणू नका, वय कितीही असो.

---

अंकपट्टी

मुलं २० पर्यंत म्हणतात याचा अर्थ त्यांना शब्दांचा क्रम पाठ आहे. मोजता येतं असा त्याचा अर्थ नाही. १९७८ साली गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी मोजण्यामागची पाच तत्त्वं वेगळी काढून दाखवली : एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कुठल्याही वस्तू मोजता येतात, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. तुमच्या मुलांचं दुसरं पक्कं आहे आणि तिसरं कच्चं.

तपासायचं कसं? ५ मणी मोजायला सांगा, मोजून झाल्यावर विचारा, "मग किती?" पुन्हा एकपासून सुरू केलं तर "पाच" हा शब्द त्याच्यासाठी फक्त शेवटच्या मण्याचं नाव आहे, सगळ्यांचं मिळून नाही. अशा वेळी मोठ्याने उलट्या क्रमाने बोलायचं : आधी "हे बघ, तीन", मग बोट ठेवत "एक, दोन, तीन", मग पुन्हा हाताने सगळ्यांभोवती गोल करत "तीन". दोन आणि तीनपासूनच सुरू करा. तीनदा बिनचूक दिलं की एकने वाढवा.

यासाठी वेगळा तास नको. चित्रकलेच्या टेबलाला चौघं बसलेत, एकाला सांगा : "सगळ्यांना एकेक ब्रश आण, पण एकाच फेरीत." एकाच फेरीत ही अट जीव आहे. ती नसेल तर मूल प्रत्येकासाठी वेगळी फेरी मारतं आणि मोजायची गरजच पडत नाही. ब्रश कमी आले किंवा उरले तर तुम्ही बोलू नका, टेबलच सांगतं.

पट्टीखेळ घरी बनतो. ५० सेंटीमीटर लांब पुठ्ठा, ५ सेंटीमीटरचे १० चौकोन एका सरळ रांगेत, डावीकडून उजवीकडे १ ते १०. फासा नेहमीचा नको, एका लाकडी घनाच्या तीन बाजूंना एक ठिपका आणि तीन बाजूंना दोन. दोघं खेळतात, प्रत्येकाची एक सोंगटी. नियमाचं मर्म असं : सोंगटी ५ वर असेल आणि फाशावर २ आले तर सरकवताना "सहा, सात" म्हणायचं, "एक, दोन" नाही. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली असाच खेळ लहान मुलांना दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांची संख्येची समज वाढली, नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची नाही. गोल पट नको, सरळच हवा. सरळ पट्टीवर जितकं लांब तितकं मोठं, हे डोळ्यांना दिसतं.

नेहमी होणारी चूक म्हणजे ज्या चौकोनात सोंगटी उभी आहे तोच "एक" म्हणून मोजणं. त्यावर उपाय : सोंगटी आधी हवेत उचलायची, मग शब्द, मग टेकवायची. आणि सहा ठिपक्यांपर्यंतचा नेहमीचा फासा वापरलात तर डाव दोन-तीन फेकींत संपतो, मोजायला काही उरत नाही.

पालकांच्या ५० पर्यंतच्या मागणीबद्दल. मराठीतले आकडे या वयाला खरोखर अवघड आहेत. एकवीसमध्ये एकक आधी ऐकू येतं आणि लिहिताना दशक आधी, म्हणून मुलं २१ ऐवजी १२ लिहितात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही तर पुढच्या दशकातून एक उणा केलेली नावं. अठ्ठावीसनंतर मूल अडखळतं किंवा "नऊवीस" म्हणतं तेव्हा ते नियम शोधत असतं, ते हुशारीचं लक्षण आहे. घाईने ५० पर्यंत पाठ करून घेण्यापेक्षा १० पर्यंतची संख्या हातात पक्की बसलेली बरी.

---

शिशुवर्ग_२४

मनापासून आभार. २० जागा आणि २४ मुलं, हा हिशोब कधी केलाच नव्हता. वेळ ६० मिनिटं करता येईल, सोमवारपासून कणीक आणि दोन पट्टीखेळ वाढवतो आहोत.

भातुकली राहिली. आणि अक्षरओळख खेळातून कशी घ्यावी? टाळ्या वाजवून शब्द तोडायचा खेळ घेतो, पण "कमळ"ला निम्मी मुलं दोन टाळ्या वाजवतात, निम्मी तीन.

---

ध्वनी_आधी

दोन टाळ्या वाजवणारी मुलं बरोबर ऐकताहेत, ताई. त्यांना चूक म्हणू नका. बोलताना आपण "क-मळ" म्हणतो, ळ मधला अ उच्चारतच नाही. तीन टाळ्या लिहिलेल्या अक्षरांच्या आहेत. मुलांनी अजून लिखाण पाहिलेलं नाही, त्यांना कानावर विश्वास ठेवायला शिकवायचं आहे. "घर"ला एक टाळी, "खिडकी"ला दोन : खिड-की.

गोंधळ टाळायला पहिले दोन-तीन आठवडे असे शब्द घ्या ज्यांत ऐकणं आणि लिहिणं जुळतं : टोपी, घोडा, पेटी, बाबा (दोन), बाहुली (तीन), मी, तू (एक). मुलांची नावं घेताना आधी स्वतः बोलून बघा. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हटला की प्रत्येक तुकड्याला हनुवटी खाली येते, टाळीपेक्षा हे अचूक.

पहिल्या आवाजाचा खेळ : तबकात ५ वस्तू, "यातली 'म'ने सुरू होणारी दे." सुरुवातीला आवाज एकमेकांपासून लांबचे घ्या (म, स, ट), जवळचे नको (त-थ, ब-भ). च आणि ज यांना विशेष जपा. "चाक" आणि "चेंडू" यांचं अक्षर एक आहे, पण मराठीत आवाज दोन आहेत. "जाळी" आणि "जीभ" यांचंही तेच. एखादं मूल म्हणालं की चाक आणि चेंडू एका गटात बसत नाहीत, तर त्याचा कान तयार आहे. ते दोन शब्द एका तबकात ठेवूच नका.

ठोकळेघर यांच्या हुकांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हुक भरले की काही मुलं हुकापाशी उभी राहूनच वीस मिनिटं घालवतात. त्यापेक्षा ठोकळ्यांच्या भिंतीला एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लावा. ज्याला यायचं आहे त्याने आपलं नाव लिहून जायचं, येईल तसं : एक अक्षर, एक खूण, काहीही. जागा झाली की आतलं मूलच यादी वाचून पुढच्याला बोलावतं. नाव लिहिण्याला कारण मिळतं आणि वाट बघणारं मूल दुसरीकडे खेळत राहतं. आठवड्याभरात खुणांची अक्षरं होताना दिसतात. यादी रोज नवी लावायची, कालची शिल्लक नावं सगळ्यात वर.

---

ठोकळेघर

यादीची सूचना पटली. हुक बाकीच्या कोपऱ्यांना आणि ठोकळ्यांना यादी, असं करून बघा.

---

भूमिका_आणि_भांडी

४० भांडी ओतली जातात कारण भांडी आहेत आणि गोष्ट नाही. आपण कोण आहोत हे ठरलेलं नसलं की वस्तूंचं करायचं ते एकच : ओतायच्या. भांडी १० वर आणा, टोपली काढून उघड्या फळीवर ठेवा, बाकीची कपाटात.

मग एक विषय, तीन ते चार आठवडे तोच. दर सोमवारी विषय बदलणं ही फार जागी दिसणारी चूक आहे. पहिल्या आठवड्यात मुलं वस्तू हाताळतात, दुसऱ्यात भूमिका वाटतात, खरी गोष्ट तिसऱ्यात जमते.

समजा दवाखाना. चार भूमिका, चार जागा : नाव नोंदवणारा, तपासणारा, औषध देणारा, आजारी माणूस. वस्तू इतक्याच : कान लावून ऐकायच्या दोन नळ्या, पट्टीचे कापडी गुंडे ४, रिकाम्या धुतलेल्या डब्या ६, नोंदवही आणि पेन्सिल, उंची मोजायची भिंतीवरची पट्टी, दोन बाहुल्या. नळ्या दोन का? ज्या वस्तूने भूमिका ओळखली जाते ती एकच ठेवली की त्यावरच भांडण होतं. विषय सुरू करायच्या आधी दोघी मोठ्यांनी सगळ्यांसमोर पाच मिनिटांचा प्रवेश करून दाखवा. ज्या कामाचं चित्रच डोळ्यांपुढे नाही ते मूल खेळू शकत नाही. औषध देणारा नक्की काय बोलतो हे त्याला ऐकायला मिळालं पाहिजे.

खेळात शिरण्याआधी दोन मिनिटांची आखणी : "तू कोण? आधी काय करणार?" बस, दोनच प्रश्न. शिरल्यावर आधी तीन मिनिटं नुसतं बघा. खेळ अडकला तर बाहेरून सूचना देऊ नका, आजारी माणूस होऊन आत जा आणि एक अडचण टाका : "माझ्या बाळाला रात्री खोकला येतो, औषध कसं द्यायचं ते लिहून द्याल?" तीन-चार मिनिटांत बाहेर पडा. "हा रंग कुठला? या किती डब्या?" असे प्रश्न खेळाच्या मध्ये विचारले की मूल भूमिका सोडून परीक्षेला बसतं. विचारायचंच असेल तर जे दिसतं ते सांगा : "दोन बाळं आलीत आणि खाट एकच आहे." मग पाच सेकंद गप्प. ती पाच सेकंदं मोठ्यांना फार जड जातात, पण मुलाचं वाक्य त्यातच तयार होतं.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्यगोट्स्कींनी १९३३ सालच्या व्याख्यानात हेच मांडलं होतं : काल्पनिक भूमिकेबरोबर नियम येतोच. एरवी दोन मिनिटं न थांबणारं मूल "आजारी" असलं की नंबर येईपर्यंत बसून राहतं, कारण आजारी माणूस बसून राहतो. थांबणं, ऐकणं, पाळीने बोलणं इथं आपोआप घडतं.

पालकांसाठी कागदाचा अर्धा भाग पुरतो. एक फोटो, मुलाचं वाक्य जसंच्या तसं, आणि खाली एक ओळ. उदाहरणार्थ, फोटो पुलाचा, वाक्य "मोठा नव्हता म्हणून मी दोन छोटे लावले", ओळ "दोन अर्धे मिळून एक पूर्ण, हे स्वतः शोधलं". रोज दोन मुलांचं करा, बारा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. दाराशी मुलाच्या नाही तर पालकांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

गिरवण्याच्या वह्यांना नुसतं "नाही" म्हणू नका, हात कसा तयार होतो ते दाखवा. उभ्या फळ्यावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं, तीच लिहिण्याची ठेवण. खडूचे ३-४ सेंटीमीटरचे तुकडे द्या, लांब खडू मुठीत धरता येतो, तुकडा तीन बोटांतच धरावा लागतो. कात्रीची सुरुवात २ सेंटीमीटर रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्यांनी करा, एका कापात तुकडा पडला पाहिजे. पातळ कागद दुमडतो आणि मूल चिडतं. अंगठा वर, कोपर अंगाजवळ. सरळ रेघ जमली की वळण, आणि वळणावर कात्री नाही, कागद फिरवायचा. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताचीच कात्री द्या. उजव्या हाताची दिली तर पातं रेघ झाकतं आणि कागद पात्यांत अडकतो, दोष मात्र मुलाला लागतो.

---

शिशुवर्ग_२४

कात्रीचं लगेच तपासलं. वर्गात डावखुरी मुलं तीन, डाव्या हाताची कात्री एकही नाही. मागवते. ठोकळ्यांची पट्टी आज संध्याकाळीच मारतो, यादीचा कागद उद्या. एक शेवटचं : सगळे नवे कोपरे एकदम उघडावेत की टप्प्याने?

---

ठोकळेघर

टप्प्याने, पण ठोकळ्यांची गर्दी हलवायची असल्यामुळे पहिल्या दिवशी कणीक आणि जोडचित्रं दोन्ही उघडा, म्हणजे जागा २८ होतील. ज्या दिवशी नवा कोपरा उघडेल त्या दिवशी एक मोठं माणूस पूर्ण वेळ तिथंच बसेल, दुसरं ठोकळ्यांजवळ. दोन-तीन दिवसांनी उभा फळा आणि लिहिण्याचं टेबल. पट्टीखेळ शेवटी, कारण तो आधी दोघादोघांना शिकवावा लागतो. रोज चार मुलं, सहा दिवस लागतील. त्या सहा दिवसांत ज्यांना आला त्यांनाच पुढच्यांचे जोडीदार करा.